मोहिनी कसली, गोळ्या होत्या!

गोव्यात पुतळ्यांची वानवा नाही, पण खुन्याचा पुतळा मी एकच पाहिला. म्हापशाहून पणजीला जाताना पर्वरीत महामार्गाच्या कडेला 'ओ कोकेरो' हे जुनं रेस्टॉरंट आहे. तिथे एका टेबलाशी चार्ल्स शोभराज बसलाय, परदेशी प्रवाशांना गुंगी देऊन लुटणारा आणि मारणारा. अगदी माणसाएवढा, आणि शेजारची खुर्ची गिऱ्हाइकांना फोटो काढायला मोकळी.

म्हापशाहून कदंबाच्या बसनं निघालो. बरोबर माझा आतेभाऊ, पेडण्याचा. पर्वरीत उड्डाणपुलाच्या कामानं रस्त्याचा नुसता चिखलकाला झालेला, त्यामुळे बस मुंगीच्या पावलांनी सरकत होती. वैतागायचं सोडून आतेभावानं तेवढ्यात मला शोभराज शिकवायला घेतला, आणि त्यातलं निम्मं चूक होतं. त्याच्या मते हा माणूस बोलून समोरच्याला भारून टाकायचा. हिप्नॉटिझमच म्हणे.

शोभराजबद्दल हे सगळेच म्हणतात. देखणा, सात भाषा येणारा, नुसत्या नजरेनं लोकांना वश करणारा. मला ही स्तुती वाटते, आणि तीही फुकटची. कारण त्याची रीत पाहिली तर त्यात मोहिनीबिहिनी काही नाही, औषधाच्या दुकानातला माल आहे.

जन्म 6 एप्रिल 1944, सायगावचा. वडील सिंधी, आई व्हिएतनामी. वाढला फ्रान्समध्ये, तिथेच चोऱ्यामाऱ्या आणि तुरुंग सुरू झाले. 1975 च्या सुमारास बँकॉकमध्ये आलँ गोतिए या नावानं रत्नांचा व्यापारी बनून राहायचा. तो काळ युरोपातून काबूल, दिल्ली, काठमांडू करत गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत येणाऱ्या हिप्पींचा. घरापासून लांब, खिशात प्रवासी धनादेश, आणि महिनोन्‌महिने पत्र आलं नाही तरी घरचे चिंता करत नाहीत अशी ही पोरं. हा त्यांना घरी बोलवायचा, खाऊ-पिऊ घालायचा आणि पेयातून काहीतरी द्यायचा. पाहुण्याला वाटायचं, पूर्वेकडचं पाणी बाधलं. मग हाच उशाशी बसून औषध पाजणार, हाच पासपोर्ट 'सांभाळून' ठेवणार. एक फ्रेंच तरुण असाच त्याच्या घरी आजारी होऊन पडला आणि आपल्याला आसरा दिला म्हणून त्याचे उपकार मानत राहिला. दोन माजी फ्रेंच पोलिसांचे पासपोर्ट हरवले, ते यानं 'शोधून' दिले. चोरले होते यानंच. पोलिसात काम केलेली माणसं, तीही त्याच्या कळपात आली!

आश्रम नव्हता, भगवे कपडे नव्हते, पण हा सगळा मामला बुवाबाजीचाच. आधी दुखणं द्यायचं, मग उतारा द्यायचा. आपल्याकडचे बाबा-महाराज निदान दुखणं येण्याची वाट तरी बघतात. भोवती जमलेल्यांत मारी-आंद्रे लक्लेर ही कॅनडाची बाई होती, अजय चौधरी हा भारतीय साथीदार होता. चौधरी पुढे असा गायब झाला की आजतागायत पत्ता नाही.

आणि जे नकोसे झाले ते मेले. एक अमेरिकन तरुणी पटायाच्या समुद्रात सापडली, अंगावर बिकिनी. त्यावरून वर्तमानपत्रांनी याला 'बिकिनी किलर' करून टाकलं. एक डच जोडपं जळालेल्या अवस्थेत सापडलं. मेलेल्यांच्या पासपोर्टवर आपला फोटो चिकटवून हा विमानानं फिरत होता. त्याच्या मागे लागला तो कुणी मोठा गुप्तहेर नव्हे, डच दूतावासातला हर्मन निपेनबर्ग नावाचा तरुण अधिकारी. किमान 12 खून शोभराजच्या नावावर धरले जातात.

मोहिनी कुठवर चालते ते 1976 मध्ये दिल्लीला दिसलं. फ्रेंच विद्यार्थ्यांच्या एका गटाचा हा वाटाड्या बनला आणि पोट बिघडू नये म्हणून सगळ्यांना गोळ्या वाटल्या. गोळ्या वेळेआधीच भिनल्या आणि हॉटेलातच पोरं धडाधड कोसळायला लागली. जी शुद्धीवर होती त्यांनी याला धरून ठेवलं. डोस चुकला आणि जादू संपली.

तिहारमध्ये गेला. 16 मार्च 1986 रोजी वाढदिवस आहे सांगून पहारेकऱ्यांना गुंगीची मिठाई खिलवली आणि चालत बाहेर पडला. पुन्हा तेच औषध, हे लक्षात घ्या. तिथून गोवा.

इथे मुंबई पोलिसांचे इन्स्पेक्टर मधुकर झेंडे येतात. त्यांनी 1971 मध्येही याला मुंबईत पकडलं होतं, पण नंतर हा अपेंडिक्सचं सोंग घेऊन इस्पितळातून पळाला होता. म्हणजे चेहरा झेंड्यांच्या ओळखीचा. ओ कोकेरोत परदेशी फोन लावायची सोय होती, तेव्हा हा इथे येणारच असा हिशेब करून त्यांच्या माणसांनी दबा धरला. 6 एप्रिल, रविवार. हा साथीदाराबरोबर आत आला, डोक्यावर टोपी. झेंडे उठले, जवळ गेले आणि त्याला मागून मिठी मारली. बेड्या नव्हत्या म्हणून हॉटेलातलीच दोरी मागून बांधला म्हणतात. या वेळी खरोखरच त्याचा वाढदिवस होता, बेचाळिसावा.

तो मुद्दामच पकडला गेला, हेही सगळीकडे ऐकू येतं. थायलंडमध्ये फाशीची भीती होती आणि तिथल्या खटल्याची मुदत 20 वर्षांनी संपत होती, म्हणून भारतातली शिक्षा वाढवून घेतली. 1997 पर्यंत तो आत राहिला हे खरं. पण ठरवून पकडला गेलेला माणूस दोरीनं बांधलेल्या म्हशीसारखा आवळला जाऊन मुंबईला जाईल, हे काही मला पटत नाही. त्यानं ती फुशारकी मागाहून मारली असावी. एवढाच हुशार असता तर 2003 मध्ये आपण होऊन काठमांडूत कशाला गेला असता? तिथे कॅसिनोत ओळखला गेला, 1975 च्या खुनासाठी जन्मठेप झाली आणि डिसेंबर 2022 मध्ये वयाकडे बघून सुटला.

आम्ही चिकन काफ्रेयाल मागवलं, ते इथलं नावाजलेलं. कोथिंबीर-मिरचीचं हिरवं वाटण हाडापर्यंत मुरलेलं, कडेला जरा करपलेलं, वर लिंबू. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून आणलं आणि आता गोव्याचं होऊन बसलं. हात हिरवे करून मी मान वर केली, तर पुण्याकडची चार पोरं पुतळ्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढत होती. एकानं विचारलं, "पण याला पकडलं कुणी?" "इंटरपोलनं असेल."

मला राहवलं नाही. "झेंड्यांनी. मराठी माणूस आहे, निदान नाव तरी ठेवा लक्षात." पोरं मान डोलावून पुढच्या फोटोला लागली.

जेवून पणजीत गेलो. मांडवीकाठी जुन्या सचिवालयाशेजारी अब्बे फारियांचा पुतळा आहे, समोरच्या बाईवर हात धरलेला. कांदोळीत 1756 साली जन्मलेला हा पाद्री पॅरिसात संमोहनाचे प्रयोग करायचा आणि स्पष्ट सांगायचा, माझ्यात कसलीही शक्ती नाही, जे घडतं ते समोरच्याच्या मनात. आतेभावाला तिथे उभं करून मी हे ऐकवलं. तो म्हणाला, "मग चार्ल्स बेकार, याला तर गोळ्याही लागत नव्हत्या."

संध्याकाळी पेडण्याला आत्याला चार्ल्सच्या पुतळ्याचा फोटो दाखवला. तो पकडला गेला तेव्हा ती पणजीसमोर, मांडवीपलीकडे बेतीला राहायची. "त्याला पकडल्यावर मग काय गो," ती म्हणाली, "ज्याला त्याला तो आधी दिसलेला. पोदेर म्हणे मी त्याला पाव दिला, टॅक्सीवाला म्हणे मी हणजुण्याला सोडला. जुलैत मांडवीचा पूल पडला ना, तेव्हा बंद झालं ते सगळं. फेरीच्या रांगेत उभं राहून कोणाला सुचतंय चार्ल्स?"