आमची वाटचाल : दिंडोरीतली वाईनची बाग आम्ही उपटली नाही

आमची बाग दिंडोरी तालुक्यात, वाघाडच्या कालव्यावर. आधी टोमॅटो आणि थोडी थॉमसन (खायची, बिनबियांची द्राक्षं) होती, २००४ ला वरच्या मुरमाड तुकड्यात वाईनची द्राक्षं लावली. तेव्हा वातावरणच तसं होतं. सरकारचं २००१ चं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलेलं, विंचूरला वाईन पार्क, सुला या वाईन कंपनीचं नाव सगळीकडे झालेलं, आणि गावोगावी कुठल्या ना कुठल्या वायनरीचा माणूस सातबारा विचारत फिरत होता. आमच्याकडेही एक कंपनी आली, नाव घेत नाही, इथल्या जुन्या लोकांना कळेलच. जाती त्यांनीच ठरवल्या, शिराज, कॅबरने आणि शेनिन, खुंट (खालचं मुळांचं झाड, ज्यावर कलम भरतात) ११०आर. दहा वर्षांचा करार, अण्णांनी (माझे वडील) पानापानावर सही केली, आणि सोसायटीचं कर्ज काढून अँगल, तारा, ड्रिप सगळं उभं केलं.

पहिली दोन-तीन वर्षं चांगली गेली. खायच्या द्राक्षांच्या बागेत एकरी दहा-बारा टन काढणारे शेजारी आमचा चार टनाचा माल बघून म्हणायचे, अर्धे घड खाली पाडता, वेड लागलंय का. पण वाईनच्या मालाला घड कमीच ठेवावे लागतात, नाहीतर साखर चढत नाही आणि शिराजला रंगही येत नाही. ते अण्णा पहिल्याच हंगामात शिकले आणि कधी विसरले नाहीत.

मग २००८ उजाडलं. आधी मंदी, वरून नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला, हॉटेलं रिकामी, वायनऱ्यांच्या टाक्या भरलेल्या. २००९ च्या जानेवारीत शेनिन तयार, क्रेट धुवून ठेवलेले, मजूर सांगून ठेवलेले, आणि कंपनीचा निरोप आला की यंदा माल "थोडा कमी" उचलू. थोडा कमी म्हणजे किती, ते शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. मग फोन उचलणं बंद. ऑफिसला गेलो तर साहेब मीटिंगमध्ये. करार दाखवला तर म्हणाले, "ब्रिक्स बसत नाही तुमचा."

हे ब्रिक्सचं, म्हणजे रसातल्या साखरेच्या आकड्याचं, नीट सांगतो, कारण आमचा खरा राग तिथेच आहे. गावातलाच एक बागायतदार कंपनीचा माणूस झाला होता, बागेत येऊन नमुना तोच घ्यायचा. आमच्याकडे आला की ओळीच्या टोकाचे, पानाखाली सावलीत लपलेले घड तोडायचा, दहा-पंधरा मणी चुरडून थेंब टाकायचा आणि "एकोणीस" म्हणून वहीत लिहायचा. त्याची स्वतःची बाग बांधापलीकडे, तेच पाणी, तीच माती, तिथे मात्र रोज बावीस! आमच्याकडे अण्णांचा रिफ्रॅक्टोमीटर (रसाच्या थेंबावरून ब्रिक्स दाखवणारी नळी) होता, काळ्या रबरी मुठीचा, काच अजून लख्ख आहे. अण्णा रोज सकाळी आधी डिस्टिल्ड वॉटरचा थेंब टाकून रेघ शून्यावर आणायचे, मग ओळ सोडून ओळ, उन्हाची बाजू आणि सावलीची बाजू, घडाच्या खांद्यातला एक, मधला एक, शेंड्याचा एक असे शंभर मणी डब्यात घेऊन सगळ्यांचा रस एकत्र करायचे. झाकण अलगद टेकवायचं, बुडबुडा राहता कामा नये, उजेडाकडे धरलं की निळ्या-पांढऱ्याची रेघ कुठे थांबते ते बघायचं. आमची वही सांगत होती साडेबावीस. ती वही आजही कपाटात आहे, तारखेसकट, ज्याला बघायची त्याने यावं.

शेनिन गेली. त्या घडात मणी घट्ट बसलेले असतात, आठवडा उशीर झाला की आतून सडायला लागतं. बारीक, बियांचं द्राक्ष बाजार समितीत कोण घेणार, बेदाणाही होत नाही त्याचा. काही पडेल भावात गेलं, बरंचसं गुरांना घातलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात फयान वादळाचं पाणी आलं, नेमकं फुलोऱ्यात, आणि डावणी रोगाने जे उरलंसुरलं होतं तेही नेलं. तालुक्यात वाईनच्या बागा उपटायला जेसीबी लागले. माझा धाकटा भाऊ पण म्हणत होता की संपवू एकदाचं, टोमॅटो लावू. आईने घरातलं सोनं ठेवलं त्या वर्षी, सोसायटीचा हप्ता चुकू दिला नाही, हे कुठल्याही हिशोबात दिसत नाही म्हणून इथे लिहितोय.

आम्ही बाग उपटली नाही. अर्ध्या बागेवर वरून थॉमसनचं कलम भरलं, खुंट आणि मुळं तीच राहिली आणि थॉमसनने घर चालवलं. शिराज आणि कॅबरने मात्र तशीच ठेवली, कारण एक माणूस उभा राहिला. छोटी वायनरी त्यांची, स्वतः टाकीवर उभे राहून काम करणारे, आम्ही त्यांना काका म्हणतो. त्या पडत्या काळात ते मोटारसायकलवर आले, अण्णांची वही पानं उलटून वाचली, बागेत चार ओळी फिरले, मणी तोंडात टाकून बी चावून बघितली (बी तपकिरी आणि कडकड वाजली तरच ते माल घेतात, मीटर नंतर) आणि म्हणाले, "पैसे दोन टप्प्यात देईन पण देईन, आणि जेवढा पिकेल तेवढा घेईन." दुसरा टप्पा ठरल्यापेक्षा उशिरा आला, पण रुपया कमी नव्हता. आजपर्यंत आमची शिराज पहिली त्यांच्याकडे जाते, दुसरा कोणी दोन रुपये जास्त देतो म्हटला तरी. अण्णा गेले तेव्हा काका क्रशिंग थांबवून आले होते.

मधली वर्षं सांगण्यासारखी काही नाहीत, माल गेला, पैसे आले, कर्ज फिटलं.

आता नवीन पोरं विचारत नाहीत तरी सांगतो. करारात भाव बघू नका आधी, नमुना कोण घेणार, कसा घेणार, दोघांच्या मीटरमध्ये फरक आला तर तिसरा आकडा कुठल्या लॅबचा धरायचा, आणि ब्रिक्स बसल्यावर किती दिवसांत माल उचलायचा हे लिहून घ्या. उचलला नाही तर नुकसान कोणाचं तेही लिहून घ्या, आमच्या करारात तेवढंच नव्हतं आणि कंपनीने ते मुद्दाम गाळलं होतं असं माझं ठाम मत आहे. तोडणी पहाटे, ऊन चढायच्या आत क्रेट गाडीत गेले पाहिजेत. सगळी जमीन एका जातीखाली घालू नका. आणि एप्रिल छाटणीला कात्री स्वतः हातात धरा, मजुरांवर सोडून मोबाईल बघत बसू नका, पुढच्या हंगामातले घड तिथेच ठरतात. २०२२ ला सुपरमार्केटमध्ये वाईन विकायचा निर्णय झाला तेव्हा परत लोक घाईने रोपं बुक करायला निघाले होते, त्यांनाही मी हेच सांगत होतो, काहींनी ऐकलं.

मागच्या हंगामात तोच वहीवाला बागायतदार आमच्या बांधावर आला, आता दुसऱ्या कुठल्या वायनरीसाठी माल बघतो. शेनिन परत लावा म्हणाला, भाव चांगला देऊ. मी चहा दिला, अण्णांची २००९ ची वही समोर ठेवली आणि म्हटलं आधी हे पान वाच, मग बोलू. त्याने वाचलं. चहा अर्धा ठेवून गेला. शेनिन आम्ही यंदा लावतोय, अर्धा एकर, काकांसाठी.