मेलॅनिनने दिलेली हूल

पॅथॉलॉजीच्या एमडीचं माझं दुसरं वर्ष. त्वचारोग ओपीडीतून बायॉप्सी आली, फॉर्मवर लिहिलेलं: ‘सोरायसिस? लायकेन प्लॅनस?’ नेहमीच्या रंगाच्या (एच अँड ई) स्लाइडवर हे दोन्ही त्वचारोग थोडेथोडे पटत होते, म्हणजे एकही धड पटत नव्हता. डर्मिसमध्ये, म्हणजे त्वचेच्या आतल्या थरात, प्लाझ्मा पेशींची गर्दी, रक्तवाहिन्यांचं अस्तर सुजलेलं. मला शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं, "पेशंटचे तळहात-तळपाय बघितलेस?" जाऊन पाहिले. तांबूस, खपली धरलेले डाग. फॉर्मवर त्यांचा उल्लेखच नव्हता. संशय सिफिलिसचा; त्याची रक्ततपासणी, व्हीडीआरएल, मात्र निगेटिव्ह.

"वॉर्थिन-स्टारी लाव." चांदीने रंगवायची ही १९२० सालची पद्धत. सिफिलिसचा जिवाणू जेमतेम ०.२ मायक्रॉन जाड. त्याच्यावर चांदी चढवून हायड्रोक्विनोनने काळी केली, की तो फुगतो आणि दिसतो.

पहिल्या दिवशी अख्खा सेक्शन काळाकुट्ट. लॅबमधले काका माझ्याकडे बघून हसले, "बरणी नळाच्या पाण्याने धुतली ना, मॅडम?" त्या पाण्यातल्या क्लोराइडने चांदीचा साका होतो. स्टीलचा चिमटाही चालत नाही. मग काचसामान ॲसिडने धुवून डिस्टिल्ड पाण्यात खंगाळलं. डेव्हलपरमधून स्लाइड कधी काढायची हे घड्याळ सांगत नाही, कंट्रोल स्लाइडचा (जिच्यात जिवाणू नक्की आहेत तिचा) रंग सांगतो. दुसरी खेपही वाया गेली.

तिसऱ्यांदा मधासारखी पिवळी पार्श्वभूमी आली आणि एपिडर्मिसच्या, म्हणजे त्वचेच्या वरच्या थराच्या, तळाशी काळे, वळणदार धागे! मी ओरडलेच. मॅडमनी ऑइल इमर्शनखाली पाहिलं. "हे मेलॅनोसाइटचे फाटे." म्हणजे त्वचेचं रंगद्रव्य, मेलॅनिन, बनवणाऱ्या पेशींचे. मेलॅनिनही चांदीने काळं होतं, आणि आपल्या सावळ्या कातडीत ते भरपूर. पुस्तकातले फोटो गोऱ्या कातडीचे असतात, ही माझी सबब त्यांनी ऐकून घेतली, एवढंच. फाटा टोकाकडे निमुळता होतो. ट्रेपोनिमा, म्हणजे सिफिलिसचा जिवाणू, एकसारखा बारीक, मळसूत्रासारखा पीळदार.

ब्लॉक (मेणातला बायॉप्सीचा तुकडा) इम्युनोसाठी, म्हणजे अँटिबॉडीने जिवाणू रंगवायला, बाहेर पाठवला, मुद्दाम लाल रंग मागून. नेहमीचा तपकिरी मेलॅनिनमध्ये हरवला असता. दरम्यान मॅडमनी सीरम पातळ करून व्हीडीआरएल पुन्हा करायला लावली. १:१२८ पर्यंत, म्हणजे १२८ पट पातळ करूनही, पॉझिटिव्ह! अँटिबॉडी इतक्या जास्त होत्या की मूळ नमुन्यात गुठळ्याच धरल्या नव्हत्या. याला प्रोझोन म्हणतात. हे आधी सुचलं असतं तर माझे चार दिवस वाचले असते. सिफिलिसची खात्री करणारी दुसरी रक्ततपासणी, टीपीएचए, तीही पॉझिटिव्ह आली आणि पेशंटला २४ लाख युनिट बेंझाथिन पेनिसिलिन मिळालं.

इम्युनोच्या स्लाइडवर लाल मळसूत्रांची झुंबड होती. मग हट्टाने माझी तिसरी स्लाइड पुन्हा लावली. पाऊण तासाने, फाट्यांपासून जरा बाजूला, एक सापडला.