गच्चीवरची टिकटिक बंद झाली

२०२२ ची दिवाळी, लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ, खाली आई पाट मांडतेय आणि मी पुण्यातल्या आमच्या गच्चीवर दोन अॅल्युमिनियमच्या रॉडना वायर जोडत बसलोय. आई वर येऊन म्हणाली, कपडे वाळत घालायची काठी तोडलीस ना रे! नव्हती तोडली, रॉड हार्डवेअरच्या दुकानातले, प्रत्येकी साधारण ५३ सेंटीमीटर, मध्ये इलेक्ट्रिशियन वापरतात तो प्लॅस्टिकचा कनेक्टर, दोघांत १२० अंशांचा कोन, आणि हा व्ही पाइपावर आडवा ठेवायचा, झाला हवामान उपग्रहांचे फोटो पकडायचा अँटेना. लॅपटॉपला एसडीआर डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचा छोटा रेडिओ रिसीव्हर. ही वस्तू मुळात कॉम्प्युटरवर टीव्ही बघायला काढलेली, लोकांनी तिचा रेडिओ केला (कुणाला सुचलं असेल, त्याला साष्टांग).

१३७.१ मेगाहर्ट्झ लावलं, नोआ-१९ हा अमेरिकेचा हवामान उपग्रह डोक्यावरून जायची वेळ झाली, आधी नुसतीच खरखर, मग तिच्या आतून टिक-टॉक टिक-टॉक, सेकंदाला दोन ठोके. एक ठोका म्हणजे फोटोची एक ओळ, म्हणजे साडेआठशे किलोमीटरवरून तो जे बघतोय ते तसंच ओळीओळीने स्क्रीनवर उतरतं, बारा-तेरा मिनिटं. पास, म्हणजे उपग्रहाची डोक्यावरून फेरी, दक्षिणेकडून उत्तरेला जाणारा होता त्यामुळे आधी श्रीलंका, तीही वर, आणि बंगालचा उपसागर डावीकडे! पाचेक मिनिटं माझंच डोकं चालेना. नंतर फोटो उलटा केला तर उजव्या कडेला बांगलादेशजवळ ढगांचा हा एवढा मोठा पांढरा गोळा. ते सितरंग चक्रीवादळ होतं, बातम्यांत त्याचं नाव चालूच होतं, पण स्वतःच्या गच्चीवर पकडलेलं ते वेगळंच. पूजेला उशीर झाला, बोलणी खाल्ली.

आता ती टिकटिक नाही. २०२५ मध्ये जूनमध्ये नोआ-१८ बंद केला, ऑगस्टमध्ये आधी १९ आणि मग आठवड्याभरात १५. तो १५ तर १९९८ चा, दोन वर्षांसाठी पाठवलेला म्हातारा सत्तावीस वर्षं चालला.

सध्या रशियाचे मेटिओर हे हवामान उपग्रह पकडतो, सॅटडंप नावाचं सॉफ्टवेअर सगळं आपोआप करतं. फोटो कितीतरी स्वच्छ, नोआचा एक ठिपका चार किलोमीटरचा तर यांचा एक किलोमीटरचा, कोकण किनाऱ्यावरच्या खाड्यासुद्धा ओळखू येतात (पावसाळ्यात नाही, तेव्हा सगळा कापूस). पण डिजिटल आहे ना, ऐकायला गेलं तर नुसतं फुसफुस. शिवाय नोआचा सिग्नल दमला तरी फोटो मुंग्या आल्यासारखा का होईना पण यायचा, इकडे सिग्नल जरा पडला की सरळ काळा पट्टा, मधलं काही नाहीच.

फ्रिक्वेन्सी त्याच पट्ट्यातली, म्हणून अँटेना तोच. फक्त आईने त्याच्या पाइपाला आता दोरी बांधलीय, पासच्या आधी मला ओल्या चादरी काढायला लागतात.