निसर्ग येण्याआधीचा एक दिवस

‘निसर्ग’ चक्रीवादळ येण्याच्या आदल्या दिवशी, २ जून २०२० रोजी दुपारी, श्रीवर्धन तालुक्यातील आमच्या गावात ग्रामपंचायतीची रिक्षा भोंगा लावून फिरू लागली. करोनामुळे दोन महिन्यांहून अधिक काळ ‘घराबाहेर पडू नका’ असे बजावणारेच आता ‘घर सोडा’ म्हणू लागल्याने लोक चक्रावले. मुंबईहून आलेले चाकरमानी प्राथमिक शाळेत विलगीकरणात होते आणि खाडीकाठच्या कुटुंबांनाही त्याच शाळेत हलवायचे होते. तलाठी, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांनी तासाभरात चाकरमान्यांची सोय वरच्या आळीतील एका पक्क्या घरात केली. एरवी साध्या दाखल्यासाठी चार खेपा घालायला लावणारी यंत्रणा त्या दिवशी इतकी चपळ झाली, याचे मला आजही नवल वाटते.

बहुतेक होड्या आधीच वर ओढलेल्या होत्या. लोकांना उठवणे मात्र कठीण गेले. हवामान खात्याच्या अंदाजात हरिहरेश्वर ते दमण असा पट्टा होता आणि त्यात अलिबागचे नाव ठळक होते, त्यामुळे ‘वादळ तिकडचे आहे, आपल्याकडे नुसता पाऊस’ असे पारावर ठरूनही गेले होते. हरिहरेश्वर आपल्याच तालुक्यात आहे, हे कोणीतरी सांगेपर्यंत संध्याकाळ झाली.

मी पडवीच्या पत्र्यांवर जांभ्याचे चिरे चढवत होतो. ते पाहून शेजारचे भाऊकाका कुंपणापलीकडूनच ओरडले, “अरे, ते चिरे उतरव आधी! पत्रा उडाला तर चिरा कोणाच्या डोक्यात जाईल?” मग त्यांच्याच सांगण्यावरून आम्ही होडीचा जाड दोर पत्र्यांवरून दोनदा आडवा घेतला, खालच्या वाशांना आवळला आणि त्याची टोके अंगणात पुरलेल्या खांबांना बांधली. आईने तोवर पिंप, हंडे आणि कळश्या भरून ठेवल्या, कारण विहिरीवरचा रहाट काढून मोटर बसवल्याला बरीच वर्षे झाली होती आणि वीज जाणार हे उघड होते. दोन दिवसांचे पाणी पुरेल, असा आमचा हिशेब होता.

नारळ-सुपारीच्या वाडीसाठी काय करावे, हे मात्र ना सूचनांमध्ये होते ना आम्हाला सुचले. तयार नारळ तेवढे उतरवून घेतले. पोफळीच्या, म्हणजे सुपारीच्या झाडांच्या, सडपातळ खोडांना कसला आधार देणार?

३ जूनला दुपारी वादळ आमच्याच किनाऱ्यावर चढले. शाळेतली सगळी माणसे सुखरूप राहिली. पत्रेही टिकले, पण वाडीतल्या निम्म्याहून अधिक पोफळी मोडून पडल्या. वीज यायला तीन आठवडे लागले. तोवर पत्र्यांवरून सोडवलेला तोच दोर बादलीला बांधून आम्ही विहिरीतून पाणी शेंदत होतो.