हेंडनचं लिबरेटर आणि आमच्या घराची उंची

आमच्या विश्रांतवाडीच्या घरात दारामागे एक उंचीमापक टांगलेला आहे. काळी तबकडी, तीन काटे, खाली बोटभर खिडकीत सरकणारे आकडे. बाबांनी तो 1971 साली जुन्या बाजारातून घेतला, कितीला ते आईला कधीच कळलं नाही. विमानातला हा उंचीमापक म्हणजे खरं तर हवेचा दाबमापकच. आत पातळ पत्र्याची पोकळ डबी असते. बाहेरचा दाब उतरला की ती फुगते आणि काटा वर चढतो. त्यामुळे पावसाळी हवेत दाब उतरला की आमचं घर बसल्या जागी शे-दीडशे फूट वर जातं. बाबा काचेवर टिचकी मारतात, काटा वाचतात आणि सांगतात, "छत्री घ्या."

बाबांचा दावा असा, की हा तुकडा लिबरेटर या दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन बॉम्बफेकी विमानातला. पन्नाशीच्या दशकात लोहगावला हवाई दलाच्या सहा नंबरच्या स्क्वाड्रनची लिबरेटर विमानं होती. चार इंजिनं आणि मागे दोन उभ्या शेपट्या. ती आली की शाळेतली पोरं खिडकीकडे धावायची आणि मास्तरही मागोमाग यायचे. समुद्रावर टेहळणी करणारी विमानं पुण्यात का, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही.

कामानिमित्त लंडनला जायचं ठरलं तेव्हा म्हटलं, एकदा छडा लावूच. यंत्र सोबत न्यायचा विचार होता. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या मित्राने त्याचं किरणोत्सर्ग मोजणारं गायगर काउंटर तबकडीजवळ धरलं आणि ते रातकिड्यासारखं वाजायला लागलं. अंधारात दिसावेत म्हणून काट्यांना रेडियमचा रंग. तो आता चमकत नाही, कारण त्यातलं झिंक सल्फाइड केव्हाच थकलं. रेडियमचं अर्धायुष्य मात्र सोळाशे वर्षं. "काच फोडू नका आणि विमानात तर अजिबात नेऊ नका," मित्र म्हणाला. मग मोबाइलमध्ये पंचवीसेक फोटो काढून निघालो. (बाबांनी दुसऱ्या दिवशी यंत्र पुन्हा दारामागे टांगलं. पन्नास वर्षांत काही झालं नाही, म्हणे.)

हेंडनचं रॉयल एअर फोर्स म्युझियम लंडनच्या भुयारी रेल्वेच्या नॉर्दर्न लाइनवरच्या कोलिंडेल स्टेशनपासून चालत गाठता येतं. तिकीट नाही, हे पुणेकराने आवर्जून नोंदवलं पाहिजे. सगळी गर्दी लँकेस्टर या ब्रिटिश बॉम्बफेकी विमानापाशी असते. इथल्या आर 5868 या लँकेस्टरने 137 मोहिमा केल्या. नाकावर प्रत्येक मोहिमेचा एकेक बॉम्ब रंगवलाय आणि खाली शत्रूचं एकही विमान राइशवर, म्हणजे जर्मनीवर, उडणार नाही ही नाझी हवाई दलप्रमुख गोअरिंगची फुशारकी. मी फोटो काढला आणि पुढे सरकलो.

लिबरेटर पाहून आधी वाटलं, हे उडत कसं असेल? पोट मालडब्यासारखं चौकोनी, पंख मात्र लांब आणि निमुळते. बॉम्बकक्षाचे दरवाजे खाली उघडत नाहीत, लक्ष्मी रोडवरच्या दुकानाच्या शटरसारखे कुशीवरून वर सरकतात. असली 18 हजारांहून अधिक विमानं बनली, आणि हे त्यांतलं फोर्डच्या कारखान्यातलं, म्हणजे मोटारी बनवणाऱ्यांनी घडवलेलं. आता अंगावर के. एन. 751 हा ब्रिटिश क्रमांक आहे. पण आयुष्याचा मोठा भाग या विमानाने भारतीय हवाई दलात एच. ई. 807 या नावाने काढला आणि 1974 साली भेट म्हणून ते इंग्लंडला परत आलं. मी आपलं माणूस भेटल्यासारखा तिथे उभा राहिलो.

या विमानांची खरी गोष्ट कानपूरची आहे. युद्ध संपल्यावर लेंड-लीज, म्हणजे उसनवारीच्या, कराराखाली मिळालेली अमेरिकन विमानं कुणाच्या कामी येऊ नयेत म्हणून तिथे मुद्दाम निकामी केली गेली. इंजिनांत वाळू ओतली, सांगाडे ठोकून वाकवले. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्या ढिगाऱ्यातून एकाचा पंख, दुसऱ्याचं चाक असं करत चाळीसेक विमानं उभी केली. कानपूरहून ती बंगळूरला उडवत नेण्याचं काम वैमानिक जमशेद मुन्शी यांनी केलं. डागडुजी केलेल्या भंगारात बसून जवळपास हजार मैल उडायचं! त्यातून 1948 च्या नोव्हेंबरात हवाई दलाला पहिली लिबरेटर मिळाली आणि 1968 पर्यंत ती सेवेत राहिली.

पण त्यामुळेच माझं काम अवघड झालं होतं. विमानाचा सांगाडा टिकतो, आतलं सामान टिकत नाही. घड्याळं, होकायंत्रं, रेडिओ हे सगळं आधी निघतं, कारण ते खिशात किंवा पिशवीत मावतं. शिवाय विमानात शिरता येत नाही. मग तिथल्या एका वयस्क स्वयंसेवकांना गाठून फोटो दाखवले. त्यांनी तबकडीकडे पाहिलंच नाही, थेट त्या छोट्या खिडकीवर बोट ठेवलं.

"इथे 29.9 आहे. म्हणजे पाऱ्याचे इंच. अमेरिकन. आमच्या यंत्रात मिलिबार असतात, हजाराच्या आसपासचे आकडे."

मी मनात उड्या मारायला लागलो. मग त्यांनी मागच्या बाजूचा फोटो मागितला. ब्रिटिश सामानावर राजमुकुट आणि ए. एम. (एअर मिनिस्ट्री) ही अक्षरं, शिवाय भांडार क्रमांक असतो. त्याच्या सुरुवातीवरून वस्तू कोणत्या खात्यातली ते कळतं. 6 ए म्हणजे विमानातली मापकयंत्रं, 22 सी म्हणजे वैमानिकाचे कपडे, गॉगल वगैरे. आमच्या तुकड्यावर यातलं काहीच नव्हतं. अमेरिकन, यावर शिक्कामोर्तब.

"लिबरेटरचाच ना मग?"

"लिबरेटर, डाकोटा, हार्वर्ड... तुमच्या हवाई दलाकडे तिन्ही होती. अशी यंत्रं तिन्हींत बसायची."

डाकोटा! ते तर हयातभर ओझी वाहणारं विमान. परत जाताना कोलिंडेलच्या फलाटावरून बाबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. इंच, मिलिबार, राजमुकुट नसणं, आणि शेवटी, जरा चाचरत, डाकोटाही.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग टिचकीचा आवाज आला.

"दोन हजार एकशे साठ," बाबा म्हणाले. "कालपेक्षा नव्वदने वर. तुझ्या आईला गच्चीतले पापड काढायला सांगतो. आणि त्या गृहस्थांना म्हणावं, डाकोटाला शेपटी एकच असते."