चारशे पाहुण्यांचं बेट

आमची सुट्टी पावसात. मे संपता संपता किल्ल्याच्या होड्या वर ओढून ताडपत्रीखाली जातात, पाहुण्यांच्या खोल्यांतल्या गाद्या मी गुंडाळून ठेवते आणि तारकर्लीच्या रस्त्यावर आमचे आम्हीच उरतो. यंदा ह्यांना म्हटलं, आता जरा दुसऱ्याचा समुद्र बघू. मी निवडलं लॉर्ड हाउ बेट. सिडनीहून विमानाने साधारण दोन तास. लांबी ११ किलोमीटरच्या आसपास, वस्ती चारशेच्या आतबाहेर, १९८२पासून जागतिक वारसा यादीत.

मी भुलले ती एका नियमाला. तिथे एका वेळी ४०० पर्यटक, त्याच्या वर एकही नाही. नाताळात आमच्याकडे रात्री दहाला फोन येतो, "काकू, ओटीवर झोपू, पण जागा द्या." आणि मी देते! तिथे आधी राहायची जागा पक्की करायची, मगच विमानाचं तिकीट. जुलै म्हणजे तिकडे हिवाळा, बरीच निवासस्थानं बंद असतात. जी उघडी आहेत त्यांना मेल टाकून ठेवलेत.

"थंडीत कसले जाता, डिसेंबरात जा," असं ओळखीचे सांगतात. डिसेंबरात आमचं घर कोण चालवणार? शिवाय प्रॉव्हिडन्स पेट्रेल नावाचा समुद्रपक्षी हिवाळ्यातच तिथे वीण घालतो. माउंट गोवरवर उभं राहून जोरात हाका मारल्या की हे पक्षी आभाळातून खाली येऊन पायाशी धपकन उतरतात. डोंगर ८७५ मीटर, वाटाड्याशिवाय जाता येत नाही, चढउतारात अख्खा दिवस जातो. हवा बिघडली की चढाई रद्द, म्हणून मुक्काम आठवडाभराचा तरी हवाच. मामंजींना मात्र पक्ष्यांत रस नाही. बेटावरच्या केंटिया पामचं बी जगभर कुंडीतल्या झाडांसाठी विकलं गेलं, हे ऐकल्यापासून ते आपल्या पोफळींकडे वेगळ्याच नजरेने बघतायत.

खरी भांडणं सामानावरून. बेटाच्या छोट्या विमानात १४ किलोच नेता येतं. सासूबाईंनी मसाला, सोलं आणि सुके बांगडे काढून ठेवलेत. ऑस्ट्रेलियात उतरताना खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर लिहून दाखवावी लागते. बांगडे मी तरी लिहिणार नाही, ह्यांनी लिहावेत. त्यात तिथे मोबाइलला रेंज नाही, म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मगे फोन कसो करतलस?" राहतो तिथल्या वायफायवरून, म्हटलं. घड्याळ आपल्यापुढे बरोबर पाच तास, तेव्हा आमच्या जेवणाच्या वेळी तुमचा दुपारचा चहा.

नारळी पौर्णिमेच्या आत परतायचं, ही ह्यांची एकच अट. तारखा त्याच्या अलीकडच्या धरल्यात. पण ह्यांचा पासपोर्टच अजून काढायचाय. उद्या फोटोसाठी दाढी करायला सांगितलीय.