आधी चोचीतलं डोकं बघा

तिबोटी खंड्याच्या फोटोची सगळ्यांच्या मनातली फ्रेम एकच असते. शेवाळलेली फांदी, मागे धूसर हिरवं, आणि चोचीत सापसुरळी. मलाही ती हवी असतेच. पण हल्ली कॅमेऱ्यातून मी आधी सापसुरळीचं डोकं कुठे आहे ते बघते. ते घशाच्या बाजूला असेल तर पक्षी स्वतः गिळणार. चोचीबाहेर, पुढच्या बाजूला असेल तर घास पिल्लांचा. डोक्याकडून भरवलं की त्यांना गिळायला सोपं जातं. म्हणजे पिल्लांचं बीळ जवळ आहे, आणि पक्षी घास घेऊन ताटकळत बसला असेल तर बहुतेक माझ्यामुळेच.

पाऊस सुरू झाला की हा कोकणातल्या ओढ्यांवर वीण करायला येतो. जेमतेम १३ सेंटिमीटरचा जीव. पोट पिवळं, डोकं आणि पाठ नारिंगी-जांभळी, चोच भडक केशरी. एवढे रंग असूनही झाडीत दिसेल तर शपथ! आधी बारीक, धारदार शिट्टी ऐकू येते आणि पाण्यालगत काहीतरी सर्रकन निघून जातं. काळपट वाटणारा पंख जरा कोन बदलला की निळा होतो. त्या निळ्यासाठी मी तासन् तास डासांकडून चावून घेते.

पावसाळी जंगलात उजेडाची बोंबच. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ३२००, शटर १/८० सेकंद आणि ट्रायपॉड, असंच काहीतरी जमवावं लागतं. पक्षी बसला की बराच वेळ बसतो, पण मान सारखी वर-खाली. त्या दोन हालचालींच्या मधे क्लिक करायचं. भक्ष्य फांदीवर आपटताना काढलेले माझे बहुतेक फोटो हललेले आहेत. फ्लॅश मी वापरत नाही.

बीळ ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत, आडवं खणलेलं. फ्रेम मोकळी दिसावी म्हणून त्याच्या तोंडावरच्या फांद्या छाटणारे लोक असतात. त्यांचा मला संताप येतो. ती पानं सापाच्या आणि शिकारी पक्ष्यांच्या नजरेआड ठेवत असतात हे कळायला पक्षीतज्ज्ञ असावं लागत नाही.

मला स्वतःला पिल्लं उडून बाहेर आल्यानंतरचे दिवस जास्त आवडतात. रंग फिकट, चोच मळकट, बसणं गबाळं. त्यांचे फोटो फारसं कोणी काढत नाही, त्यामुळे ओढ्यावर गर्दीही नसते.